रॉबिन कुकचं 'कोमा' कोणी कोणी वाचलंय? (रहस्यभेद आहे, जपून!)

कोपऱ्यातली खुर्ची

मंडळी, 'कोमा' एकदाचं वाचून संपवलं. १९७७ चं पुस्तक, म्हणजे माझ्याहून वयाने मोठं, आणि आमच्या कपाटात बाबांच्या पुस्तकांत कधीपासून पडलेलं होतं पण मुखपृष्ठ बघूनच मी परत ठेवून द्यायचे. या वेळी हातात घेतलं ते रात्री दोनपर्यंत सोडवेना. आता डोक्यात इतकं काय काय गोळा झालंय की कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवणार नाही, नवऱ्याला थ्रिलर वाचायचे नसतात, म्हणून तुम्ही.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७६ चा फेब्रुवारी, बोस्टन मेमोरियल नावाचं मोठं हॉस्पिटल. नॅन्सी ग्रीनली नावाची तरुण मुलगी साध्या क्युरेटिंगला येते आणि भुलीतून उठतच नाही. सुसान व्हीलर ही मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, सर्जरीच्या पोस्टिंगला नुकतीच आलेली. तिने ज्याला सलाईन लावलं, ज्याच्याशी जरा हसून बोलली, तो बर्मन नावाचा पेशंट गुडघ्याच्या ऑपरेशनला जातो आणि त्याचंही तेच होतं. मग ही बाई हात धुऊन मागे लागते. कॉम्प्युटरवरून कोमात गेलेल्यांची यादी काढते, केसपेपर मिळवते, सगळे मोठे डॉक्टर तिच्यावर खेकसतात, आणि तिच्या लक्षात येतं की यातल्या बऱ्याच केसेस आठ नंबरच्या ओटीतल्या (ऑपरेशन थिएटर) आहेत.

इथून पुढे रहस्यभेद!! वाचायचं असेल तर खाली जाऊ नका.

मला सगळ्यात काय आवडलं तर पहिलं ऑपरेशन. तिथे व्हिलन नाही, पाठलाग नाही, काही नाही. भूल देणारा रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) आपलं रोजचं काम करतोय, प्रेशर बघतोय, नाडी बघतोय, सर्जनला लवकर आटपायचंय, आणि हृदयाचा एखादा ठोका चुकतो. मग परत सगळं नीट. मग परत एक. पानं उलटताना माझे तळहात ओले झाले होते खरंच. पुढे जे गोळ्या झाडणं आणि धावाधावी आहे त्यात इतकी भीती कुठेच वाटली नाही.

न आवडलेलं म्हणजे पेशंटना मुद्दाम कोमात घालायचं, जेफरसन इन्स्टिट्यूट नावाच्या जागी ठेवायचं आणि त्यांचे अवयव विकायचे, या सगळ्या धंद्याचा सूत्रधार सर्जरीचा हेड डॉ. स्टार्कच आहे हे मला अर्ध्यातच कळलं, कारण अख्ख्या हॉस्पिटलमध्ये सुसानशी गोड बोलणारा तेवढा एकच! आणि शेवट. हा काय शेवट आहे? तिला तिथे टेबलावर ठेवून पुस्तक संपवलं की हो, ती उठली का नाही ते सांगा ना.

तुमची मतं सांगा. आणि इथे डॉक्टर लोक आहेत त्यांना खास विनंती, हे ऑक्सिजनच्या पाइपात कार्बन मोनॉक्साइड सोडायचं प्रकरण खरंच जमण्यासारखं आहे का?

खडूस वाचक

वाचलंय. दहापैकी साडेपाच.

कल्पना जबरदस्त आहे, नाही म्हणत नाही, पण माणसं पुठ्ठ्याची आहेत. सुसान हुशार आणि सुंदर. सुंदर आहे हे आपण विसरू नये म्हणून लेखक दर काही पानांनी आठवण करून देतो. तो बेलोज नावाचा रेसिडेंट, हिचा अर्धामुर्धा प्रियकर, त्याला पुस्तकभर एकच काळजी की माझी पुढची नेमणूक जाईल, माझी चीफ रेसिडेन्सी जाईल. दोनचार दिवसांत ही पोरगी झोपत नाही, जेवत नाही, वॉर्डचं काम करत नाही, आणि तरी कोणी तिला कॉलेजातून काढत नाही. आमच्या पुतण्याने इंटर्नशिपला एक दिवस दांडी मारली तर मुदत वाढवून दिली होती त्याला.

शेवटाबद्दल असहमत. पुस्तकातली ती एकच धाडसाची जागा आहे.

चिमणचारा

+१ शेवटाला. मला पण तो तसाच हवा होता.

पेन्शनर परळकर

सिनेमा पाहिला आहे का कोणी? १९७८ चा, मायकल क्रायटनने दिग्दर्शित केलेला. हा गृहस्थ स्वतः हार्वर्डचा डॉक्टर, त्यामुळे हॉस्पिटलातलं वातावरण चोख पकडलंय. जेनेव्हिएव्ह बुजोल्ड सुसान झाली आहे आणि मायकल डग्लस तिचा रेसिडेंट मित्र. गुडघ्याच्या पेशंटच्या भूमिकेत टॉम सेलेक आहे हे मला फार नंतर कळलं, तेव्हा त्याला कोण ओळखत होतं.

सिनेमात बदल बरेच केले आहेत. पहिली मुलगी तिथे सुसानची जिवलग मैत्रीण करून टाकली, म्हणजे नायिकेला मागे लागायला सबळ कारण मिळालं. पुस्तकात तसं नाही, पुस्तकात ती एका परक्या बाईसाठी सगळं पणाला लावते आणि मला वाटतं तेच जास्त खरं आहे. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना पहिला पेशंट जसा लागतो तसा पुढे कोणीच लागत नाही, असं आमच्या डॉक्टरांकडून ऐकलंय. सूत्रधाराचं नावही सिनेमात वेगळं आहे. आणि खुर्चीताई, तुमच्यासाठी आनंदाची बातमी म्हणजे सिनेमात ती उठते.

कोपऱ्यातली खुर्ची

परळकर काका धन्यवाद!! आता झोप लागेल.

@खडूस वाचक, साडेपाच म्हणजे फारच हात आखडता घेतलात. पुठ्ठ्याची माणसं मान्य, पण तिला बाई म्हणून जे ऐकावं लागतं ते १९७७ साली एका पुरुषाने थ्रिलरमध्ये लिहिलंय त्याचे काही मार्क द्या की. ती प्रश्न विचारते तेव्हा समोरचा प्रत्येक जण आधी उत्तर काय द्यायचं ते ठरवत नाही, ही कोण आणि हिला एवढा आगाऊपणा कशाला हे ठरवतो. मी आयटीत आहे, मीटिंगमध्ये अजून हेच चालतं.

भूलभुलैया

मी भूलतज्ज्ञ आहे त्यामुळे हा धागा माझ्या नावाचाच होता म्हणायचा :) ओटी उशिरा संपली म्हणून आता लिहितेय, मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे की कुकने कार्बन मोनॉक्साइड उगाच निवडलेला नाही. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो, म्हणजे अगदी थोडासा मिसळला तरी पुरे, आणि मेंदूला ऑक्सिजन पोचेनासा होतो. आता कोणाला ऑक्सिजन कमी पडला की माणूस निळा पडतो, नखं ओठ काळपट होतात, रक्त गडद दिसतं, ही आमची सगळ्यात जुनी धोक्याची घंटा. पण या विषात रक्त उलट लालभडक दिसतं. म्हणजे सर्जन पोटात बघतोय, रक्त छान लाल, भूल देणारा ओठ बघतोय, गुलाबी. सगळं आलबेल. आणि पेशंट आतून गुदमरतोय. खुर्ची म्हणते ती पहिल्या ऑपरेशनची भीती इथून येते, त्या रेसिडेंटकडे बघायला जे जे होतं ते सगळं खोटं बोलत होतं.

तुम्ही म्हणाल आता बोटाला ते चिमटा लावायचं यंत्र असतं. पल्स ऑक्सिमीटर. कोविडमध्ये घरोघरी झालं ते. १९७६ साली ते ओटीत नव्हतं, जपानमध्ये आओयागींनी त्यामागचं तत्त्व १९७४ च्या सुमाराला मांडलं होतं पण ओटीत सर्रास यायला ऐंशीचं दशक उजाडलं. तर गंमत ही आहे की ते असतं तरी स्टार्कला फरक पडला नसता! साधा ऑक्सिमीटर दोन प्रकारचा प्रकाश टाकून रक्ताचा रंग मोजतो आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. निम्मं रक्त विषारी झालं तरी आकडा नव्वदीच्या वरचा दाखवेल आणि आम्ही खुश. एबीजी काढली, म्हणजे धमनीतलं रक्त तपासलं, तरी त्यात विरघळलेला ऑक्सिजन नॉर्मलच येतो. को-ऑक्सिमीटर नावाचा वेगळा प्रकार लागतो, आणि तो लावायला मुळात कोणाच्या तरी मनात शंका यायला हवी.

पुरावा का सापडत नाही तेही बरोबर बसतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात पण शंभर टक्के ऑक्सिजनवर ठेवलं की तास-दीड तासात निम्मा. पेशंट उठला नाही की आपण काय करतो? ऑक्सिजन पूर्ण सोडतो. म्हणजे वाचवायला धावलेले लोकच नकळत पुरावा धुऊन टाकतात. हे लिहिणारा माणूस डॉक्टर आहे (कुक डोळ्यांचा सर्जन) ते अशा ठिकाणी कळतं.

आता चुका. मेंदू नेमका मारायचा आणि हृदय, किडन्या ठणठणीत ठेवायच्या इतकं मोजूनमापून हे विष देताच येत नाही. हृदयालाही तोच ऑक्सिजन लागतो. काही जण टेबलावरच जातील, काही जण चक्क उठतील, काही उठतील आणि दोनतीन आठवड्यांनी विसरायला लागतील, हात थरथरायला लागतील, हा उशिरा दिसणारा परिणाम या विषाचा प्रसिद्ध आहे. स्टार्कला हवे तसे एकसारखे कोमातले पेशंट रांगेने मिळणं अशक्य. दुसरं म्हणजे त्या काळात बाहेर पडणारा भुलीचा वायू ओढून घ्यायची सोय सगळीकडे नव्हती, तो ओटीतच पसरायचा. आठ नंबरमध्ये रोज उभ्या राहणाऱ्या सिस्टरचं डोकं कधीच कसं दुखलं नाही?

आणि शेवटचं, हे ऐकून तुम्ही खुर्चीवरून पडाल. भुलीत कार्बन मोनॉक्साइडची बाधा प्रत्यक्षात झालेली आहे. कट वगैरे काही नाही. आमच्या मशिनमध्ये पेशंटच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला सोडालाइमचे दाणे असतात. शुक्रवारी काम संपल्यावर ऑक्सिजन चुकून चालू राहिला तर शनिवार-रविवार ते दाणे कोरडे ठक्क होतात, आणि सोमवारी सकाळी त्यातून डेसफ्लुरेनसारखा भुलीचा वायू गेला की रासायनिक क्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. नव्वदच्या दशकात अशा केसेस नोंदल्या गेल्या आणि सोमवारची पहिली केस हा त्यातला धागा होता. कुकचा आठ नंबर तसा यांचा सोमवार. आम्हाला पीजीला हे शिकवतात, आणि आता नवे दाणे आलेत ज्यात हे जवळपास होत नाही.

नदीपल्याड

_/\_ भूलभुलैया. वाचनखूण साठवली.

खडूस वाचक

बरं बाई, सहा.

चार्ल्सकाठचा गण्या

बोस्टनहून हजेरी. बोस्टन मेमोरियल नावाचं हॉस्पिटल इथे शोधू नका, ते लेखकाचं आहे. पण बोस्टन निवडण्यात एक खोच आहे असं मला कायम वाटतं. ईथर देऊन ऑपरेशन करायचं पहिलं गाजलेलं जाहीर प्रात्यक्षिक इथेच झालं, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, १६ ऑक्टोबर १८४६ ला. मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने भूल दिली आणि सर्जन वॉरनने मानेवरची गाठ काढली. ती घुमटाखालची खोली अजून आहे, ईथर डोम म्हणतात, बघता येते. आईबाबा आले होते तेव्हा नेलं होतं, वर चढत जाणारे अरुंद बाकडे आहेत विद्यार्थ्यांना बसायला आणि कोपऱ्यात एक इजिप्शियन ममी उभी आहे, का आहे विचारू नका, आई तिच्याकडेच बघत बसली. तर ज्या गावाने जगाला सांगितलं की आता झोपा, काही कळणार नाही, त्याच गावात कुकने झोपलेल्याला उठू द्यायचं नाही ठरवलं.

सिनेमातली ती जेफरसन इन्स्टिट्यूटची राक्षसी काँक्रीटची इमारत पण जवळच आहे, लेक्सिंग्टनला. झेरॉक्स कंपनीचं ऑफिस होतं ते. एकदा शेजारून गेलो, अंगावर काटा आला आणि आत बिचारे लोक स्प्रेडशीट भरत असणार.

हेडसिस्टर

नमस्कार. मी पुस्तक मराठीतून वाचलं आहे, सिनेमा पाहिलेला नाही. सरकारी हॉस्पिटलात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. सगळे त्या वायूबद्दल बोलताय, मला त्या जेफरसनबद्दल बोलायचं आहे.

तिथे कोमातली माणसं छताला तारांनी टांगलेली आहेत. हाडांतून तारा घातल्या आहेत. का, तर बिछान्याला पाठ लागायला नको, म्हणजे बेडसोर होणार नाहीत, आणि नर्सही लागणार नाहीत. एका हॉलमध्ये इतके पेशंट आणि माणूस जवळपास नाहीच. वाचकांना ते भुताटकीसारखं वाटत असेल. मला वाचताना पहिल्यांदा हेच वाटलं की ज्याने हे सुचवलं त्याने वॉर्डातली कटकट बघितलेली आहे. बेशुद्ध पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा, माकडहाड, खांदे, कानाची पाळीसुद्धा बघायची, लाल दिसलं तर तिथे भार येऊ द्यायचा नाही. पूर्वी स्पिरिट लावून पावडर चोळायचो, आता ते बंद झालं. चादरीला एक चुणी राहिली तरी सकाळी कातडीवर तिचा वळ दिसतो. साठ पेशंटला दोन सिस्टर अशा रात्री काढल्यात, तेव्हा कूस बदलायला वॉर्डातले मामा आणि पेशंटचे नातेवाईक हाताशी धरायचो.

आणि त्याच काळात, १९७३ च्या नोव्हेंबरात, आपल्याकडे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात अरुणा शानबाग या नर्सवर तिथल्याच वॉर्डबॉयने हल्ला केला. गळा आवळल्याने मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही. म्हणजे कुकची नॅन्सी आणि आमची अरुणा एकाच कारणाने त्या अवस्थेला गेल्या, आणि एकाच काळातल्या. अरुणा १८ मे २०१५ पर्यंत त्याच हॉस्पिटलात होती. कोर्टात केस गेली तेव्हा इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोर नाही हे नोंदलं गेलं. तारा नाहीत, यंत्र नाही. पाळीपाळीने नर्सेसच्या बॅचमागून बॅचेस येत गेल्या, त्यातल्या कित्येकींचा तर तिच्यावर हल्ला झाला तेव्हा जन्मही नव्हता. म्हणून मला हे पुस्तक भीतीदायक वाटण्यापेक्षा जास्त रागाचं वाटलं. त्यात नर्स म्हणून एक धड माणूस नाही. सगळ्या नुसत्या ट्रॉली ढकलतात नाहीतर डॉक्टरांशी गप्पा मारतात.

कोपऱ्यातली खुर्ची

सिस्टर, असं मी वाचलंच नव्हतं हे पुस्तक.

पेन्शनर परळकर

हेडसिस्टर, आमचं घर केईएमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तो विषय आमच्याकडे कधी मिटला नाही. लेखिका पिंकी विराणींनी अरुणाला मरण येऊ द्यावं म्हणून अर्ज केला, सुप्रीम कोर्टाने ७ मार्च २०११ ला तो फेटाळला, पण त्याच निकालात उपचार थांबवण्याला, पॅसिव्ह युथनेशियाला, अटी घालून वाट करून दिली. नर्सेस अर्जाच्या विरोधात होत्या. आमच्या चाळीत यावर सख्खे भाऊ भांडलेले आहेत. कोणी म्हणे सोडवा तिला, कोणी म्हणे ज्यांनी भरवलं त्यांना विचारा.

भूलभुलैया

सिस्टर, दंडवत. एक तांत्रिक भर घालते कारण यात पुस्तकही घोटाळा करतं आणि लोकही करतात. अरुणाताई कोमात नव्हत्या आणि ब्रेनडेड तर मुळीच नव्हत्या. डोळे उघडायच्या, झोपायच्या-जागायच्या, श्वास आपला आपण, मऊ केलेलं अन्न भरवता यायचं. त्याला व्हेजिटेटिव्ह स्टेट म्हणतात. ब्रेनडेड म्हणजे मेंदूचा देठसुद्धा गेलेला, व्हेंटिलेटर काढला की श्वास नाहीच. त्यातून कोणी परत येत नाही, तो मृत्यूच. जेफरसनमध्ये टांगलेले नेमके यातल्या कुठल्या खान्यात बसतात हे पुस्तक वाचून मला ठरवता येत नाही, सोयीप्रमाणे इकडून तिकडे जातं. अमेरिकेतही तेव्हा हे सगळं नवं होतं म्हणा, हार्वर्डच्या समितीने ब्रेनडेथचे निकष मांडले १९६८ ला, आणि कॅरन क्विनलान या मुलीचा व्हेंटिलेटर काढायचा का यावर न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला मार्च १९७६ मध्ये. म्हणजे पुस्तकातली गोष्ट घडते त्याच्या पुढच्याच महिन्यात! लोक पेपरात रोज हेच वाचत होते. पुस्तक इतकं का खपलं याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

झिरमिळ्या

मी जरा काडी टाकतो, माफ करा.

मला या पुस्तकाचा आणि त्यावरून निघालेल्या सगळ्या सिनेमा-सिरियलींचा मनापासून राग आहे. मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर आहे. माझं काम म्हणजे ज्यांचा माणूस सकाळी बाइकवरून गेला आणि संध्याकाळी ब्रेनडेड झाला अशा घरच्यांसमोर बसायचं आणि अवयवदानाचं विचारायचं. त्यातले किती जण म्हणतात माहित्ये, "अहो छाती हलतेय, तुम्ही किडनीसाठी मारताय त्याला". हे कुठून आलं? कोणी पुस्तक वाचलेलं नसतं, पण ही गोष्ट हवेत आहे, डॉक्टर अवयवांसाठी मुद्दाम मारतात ही, आणि ती हवेत सोडणाऱ्यांत कुक पहिल्या नंबरात.

आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे १९९४ चा. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल या राज्यांनी ठराव केले म्हणून संसदेने केला. ब्रेनडेथ ठरवायला चार डॉक्टर लागतात, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा सगळ्या टेस्ट करायच्या, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला एकही जण त्या चौघांत चालत नाही. अवयव कोणाला जाणार ते हॉस्पिटल ठरवत नाही, झेडटीसीसीच्या (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) यादीप्रमाणे जातं. स्टार्कसारखा एकटा माणूस एका टोकाला मारतोय आणि दुसऱ्या टोकाला विकतोय हे होऊ नये म्हणूनच ही सगळी साखळी तोडून ठेवली आहे.

खडूस वाचक

झिरमिळ्या, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून, ही गोष्ट हवेत कुकने सोडली नाही. किडनी रॅकेटच्या बातम्यांनी सोडली. कायदा १९९४ ला का करावा लागला? पैसे देऊन किडन्या घेतल्या जात होत्या म्हणूनच ना. आणि कायदा झाल्यावरही बोगस नातेवाईक दाखवून धंदा चालल्याच्या बातम्या येतच राहिल्या. थ्रिलरवाल्याने आरसा धरला तर त्याच्यावर कशाला चिडता. पुस्तकाच्या शेवटी कुकने टिपण जोडलंय ते वाचलंत का? अवयवांचा तुटवडा आहे, मागणी आहे, कायदा ढिला आहे, मग धंदा होणारच, असं सरळ लिहिलंय. अमेरिकेनेही अवयवविक्रीवर बंदी घातली ती १९८४ ला, म्हणजे पुस्तकानंतर सात वर्षांनी. त्या अर्थाने तो पुढचं बघत होता.

झिरमिळ्या

रॅकेटं झाली, नाकारतच नाही. पण ती बघा कसली होती, जिवंत गरीब माणसाला फसवून किंवा पैसे देऊन किडनी काढण्याची. ब्रेनडेड पेशंट मुद्दाम तयार करण्याची नव्हेत. पुस्तकाने लोकांना नेमकं त्याच भागाबद्दल घाबरवलं जिथे देवाणघेवाणीला पैसाच नाही, आणि खरी लबाडी जिथे आहे तो गरिबीचा भाग त्यात नाहीच. स्टार्कचे बळी कोण? तरुण, धडधाकट, बरे पैसेवाले. प्रत्यक्षात यांची किडनी कोणी चोरत नाही हो, यांना कोणीतरी शोधायला येईल.

कोपऱ्यातली खुर्ची

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा कोणीतरी.

चिमणचारा

भांडण छान चाललंय पण कोणी त्या थंड खोलीच्या प्रसंगाबद्दल बोलत का नाहीये!! तो मारेकरी तिला मेडिकल कॉलेजात गाठतो आणि ती शरीरशास्त्राच्या त्या शीतगृहात शिरते, तिथे डिसेक्शनसाठीचे मृतदेह रांगेने टांगून ठेवलेत, आणि ती ते त्याच्या अंगावर ढकलते. मी होस्टेलवर वाचत होते आणि त्याच वेळी रूममेटने दार वाजवलं, मी किंचाळले ती वॉर्डनपर्यंत ऐकू गेली.

आणि बघा हां, तिथेही टांगलेले आणि जेफरसनमध्येही टांगलेले. मुद्दाम केलंय ना हे त्याने? एकीकडे मेलेले, दुसरीकडे न मेलेले, मांडणी तीच.

पेन्शनर परळकर

चिमणचारा, मार्मिक निरीक्षण. मी दोनदा वाचूनही हे ध्यानात आलं नव्हतं.

भूलभुलैया

@चिमणचारा भारी!

झिरमिळ्या आणि खडूस, मला स्टार्कचं ते ऑफिसातलं भाषण आठवतंय. सुसान विश्वासाने त्याच्याकडे जाते, तो तिला प्यायला देतो, त्यात औषध मिसळलेलं, आणि तिला गुंगी येईपर्यंत तो शांतपणे सांगतो की समाजाला निर्णय घ्यायचे नसतात, कायदा मागे राहतो, मग आमच्यासारख्यांनी पुढाकार घ्यायचा. खलनायकाच्या तोंडी आहे म्हणून आपण हसतो पण ही भाषा मी कॉन्फरन्समध्ये सूटबूट घातलेल्या सज्जन माणसांच्या तोंडून ऐकली आहे, अवयवांबद्दल नव्हे, दुसऱ्याच कशाबद्दल. पुस्तकातलं सगळ्यात खरं पान मला ते वाटतं. विज्ञानाचा भाग दुसऱ्या नंबरावर.

नदीपल्याड

मराठी अनुवाद कसा आहे? मेहताने कुकची बरीच पुस्तकं मराठीत आणलीत एवढं माहीत आहे. मूळ इंग्रजी घेऊ की मराठी?

हेडसिस्टर

मराठी सहज वाचला जातो. औषधांची आणि यंत्रांची नावं आहेत तशीच ठेवली आहेत, ते बरं केलं. आमच्या वॉर्डात कोणी नाडीस्पंदमापक म्हणत नाही.

खडूस वाचक

इंग्रजी. सोपं आहे, सुरुवातीचे ओटीचे प्रसंग तर मूळातच वाचा. पाठलागाची पानं भराभर उलटली तरी चालतील, काही सुटत नाही.

गुडघेदुखी

नमस्कार, वाचनमात्र होतो, हा पहिलाच प्रतिसाद. माझं येत्या गुरुवारी गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तेच, बर्मनचं होतं तसलं, मेनिस्कसचं, म्हणजे गुडघ्यातल्या गादीचं. बायकोने काल लायब्ररीतून नेमकं हेच पुस्तक आणलंय. वाचू का?

चिमणचारा

अरे देवा. खिक्!

खडूस वाचक

ओटी नंबर विचारून घ्या.

भूलभुलैया

खडूस, गप्प बसा. @गुडघेदुखी, तुमचं बहुतेक दुर्बिणीतून होईल आणि कमरेतून भूल देतील, म्हणजे तुम्ही जागेच असाल, हवं तर स्क्रीनवर बघाल. पुस्तक गुरुवारनंतर वाचा, तेव्हा पाय उशीवर ठेवून पडायचंच आहे. आदल्या रात्री जेवण कधी थांबवायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील ते तंतोतंत पाळा, पहाटे गुपचूप चहा-बिस्किट नको. ब्लडप्रेशरची गोळी, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. आणि कुठल्याही बोटाला नेलपॉलिश, मेंदी असेल तर काढून या, ऑक्सिमीटर लावायचा असतो.

गुडघेदुखी

मुलीने परवाच दोन्ही हातांना जांभळं नेलपॉलिश लावून दिलंय. काढतो.